मोठ्या टाइल्स पोकळ वाजतात, कोपरे अडतात, मधूनच उठतात: काय तपासायचं आणि कुठून सुरुवात करायची

दोन बाय चार फुटांची (600 बाय 1200 मिमी) व्हिट्रिफाइड टाइल आता गोव्यात पेडण्यापासून काणकोणपर्यंत घरोघर दिसते. तक्रारही सगळीकडे एकच. बसवून एक-दोन पावसाळे जातात, मग चालताना बद्द आवाज येऊ लागतो, पायाला कोपरा लागतो आणि एखाद्या दुपारी दोन टाइल्स फटकन उठतात. दुकानदार टाइल बदलून देतो, मिस्त्री ती बसवून जातो, आणि पुढच्या वर्षी शेजारची टाइल उठते. कारण दोष टाइलमध्ये फार क्वचित असतो. तो टाइलच्या खाली असतो किंवा भिंतीच्या कडेला. म्हणून नव्या टाइल्सवर पैसे घालण्याआधी खाली दिलेल्या क्रमाने तपासा. पहिल्या दोन तपासण्यांना जवळपास खर्च नाही आणि निम्मी कोडी तिथेच सुटतात. स्वतः नव्याने टाइल्स बसवणाऱ्यांनी हाच क्रम कामाआधी वापरावा.

लक्षणं

बद्द किंवा पोकळ आवाज: टाइल आणि खालचा थर यांच्यामध्ये हवा आहे. कोपरा अडणं: जमिनीची पातळी चुकली आहे किंवा टाइलला स्वतःचा बाक आहे. दोन टाइल्स एकमेकींना रेटून सांध्यावर उंच होणं: फरशीला पसरायला जागा उरलेली नाही. सांध्यातलं ग्राउट भुगा होऊन निघणं: टाइल पायाखाली हलते आहे. सांध्यांवर किंवा स्कर्टिंगच्या (भिंतीच्या तळाशी लावलेल्या टाइलच्या पट्टीच्या) वर पांढरी पूड, म्हणजे लोणा: जमिनीतून पाणी वर येतं आहे आणि सोबत क्षार आणतं आहे. एकच तडा चार-पाच टाइल्समधून ओळीने जाणं: तो तडा खालच्या कोब्याचा किंवा स्लॅबचा आहे, टाइलने फक्त तो वर दाखवला.

यातली दोन-तीन लक्षणं एकत्र असतील तर ओल आणि कडेची फट या दोन गोष्टी आधी बघा. बाकीचं नंतर.

1. ठोकून नकाशा काढा

स्क्रू ड्रायव्हरची लाकडी किंवा प्लास्टिकची मूठ घ्या. प्रत्येक टाइलवर नऊ ठिकाणी हलकं ठोका: चार कोपरे, चार कडांचे मध्य आणि एक मधोमध. जिथे आवाज बद्द येतो तिथे खडूने फुली मारा. खोली पूर्ण झाली की दारात उभं राहून फुल्या बघा, कारण एकेका टाइलपेक्षा फुल्यांची मांडणी जास्त सांगते.

प्रत्येक टाइलचे कोपरेच पोकळ असतील तर मिस्त्रीने मसाल्याचे किंवा ॲडहेसिव्हचे पाच लाडू ठेवून टाइल दाबली आहे. चार-सहा टाइल्सचा सलग पट्टा पोकळ असेल तर तिथला कोबाच सुटला आहे किंवा ओला आहे. भिंतीलगतच्या कापलेल्या टाइल्स पोकळ असतील तर कडेला माल कमी पडला आहे. पश्चिमेच्या दाराजवळ, दुपारचं ऊन पडतं तेवढाच पट्टा पोकळ असेल तर उन्हाने फरशी पसरते आहे आणि तिला जागा नाही.

पोकळ वाजणारी प्रत्येक टाइल काढायची नसते. सांधा शाबूत आहे, टाइल हलत नाही आणि वर कपाट किंवा फ्रीज नाही, अशी टाइल वर्षानुवर्षं टिकते. तिच्याभोवती तारीख लिहून फोटो काढा आणि सहा महिन्यांनी पुन्हा ठोका. फुल्या वाढल्या तरच पुढे जा.

2. स्कर्टिंगच्या मागची फट

एक स्कर्टिंग काढा, शक्यतो लांब भिंतीच्या मध्यावरची. फरशी आणि भिंत यांच्यामध्ये 6 ते 10 मिमी मोकळी फट दिसली पाहिजे. टाइल गिलाव्याला टेकलेली असेल किंवा फट सिमेंटने भरलेली असेल, तर उठण्याचं कारण बहुतेक तुमच्यासमोरच आहे.

व्हिट्रिफाइड टाइल तापली की पसरते. दहा मीटर लांबीच्या हॉलमध्ये फरशी 20 अंशांनी तापली तर ती साधारण 1.3 मिमी लांबते. ऐकायला हे किरकोळ वाटतं. पण दोन्ही टोकांना भिंत असेल तर हा सगळा दाब टाइल्सच्या कडांवर येतो आणि जिथे पकड सगळ्यात कच्ची तिथे फरशी वर उडते. नवा स्लॅब सुकताना आकसतो, तोही दाब त्यात मिळतो.

उपाय स्वस्त आहे. चार इंची ग्राइंडरला डायमंड ब्लेड लावून भिंतीलगत पट्टा कापा, भुगा व्हॅक्यूमने किंवा कुंच्याने पूर्ण काढा, फट मोकळी ठेवा किंवा फोमची दोरी घालून वर सिलिकॉन भरा. सिमेंट किंवा ग्राउट भरू नका. स्कर्टिंग भिंतीला चिकटवायची, फरशीला नाही. हॉल 6-7 मीटरपेक्षा लांब असेल तर मध्येही एक मऊ सांधा (ग्राउटऐवजी सिलिकॉन भरलेला) हवा. थेट ऊन येणारी खोली, बलकांव (दारापुढचा बसायचा ओटा) किंवा गच्ची असेल तर हेच अंतर 2.5 ते 3.5 मीटर धरा. हा सांधा दाराच्या उंबरठ्याच्या रेषेत घेतला की डोळ्याला खटकत नाही.

टाइल आधीच उठली असेल तर ती खाली दाबू नका. दाबलेली टाइल फुटते आणि तिचे तुकडे उडतात. चष्मा आणि हातमोजे घाला, आधी कडेची फट कापून दाब सोडवा आणि मगच उठलेली जोडी काढा. फट न कापता फक्त उठलेल्या दोन टाइल्स बदलल्या तर पुढच्या उन्हाळ्यात शेजारची ओळ उठेल.

3. ओल

गोव्यात सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते इथे. चिऱ्याचा दगड सच्छिद्र. जोत्यात भरलेली माती पावसाळ्यात तुडुंब भिजते. पाऊस वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास, आणि खाजन (बांध घालून राखलेल्या, भरतीच्या पाण्यालगतच्या सखल) जमिनीच्या किंवा नदीच्या काठावरच्या घरांत जमिनीखालचं पाणी वीत-दोन वीत खाली. जुन्या घरांच्या कोब्याखाली प्लास्टिकचा कागद घातलेला नसतो. पाणी केशाकर्षणाने वर चढतं. पूर्वीची शेणाने सारवलेली जमीन किंवा लाल सिमेंटचा कोबा ते हवेत सोडून देत असे. व्हिट्रिफाइड टाइल पाणी शोषत नाही आणि बाहेरही जाऊ देत नाही, म्हणून ओल टाइलच्या पाठीशी साठते आणि मिळेल त्या सांध्यातून क्षार घेऊन बाहेर पडते.

त्यात रेतीची भर. मांडवी आणि झुवारीत भरतीचं खारं पाणी बरंच आत जातं. अशा पट्ट्यातली रेती न धुता कोब्यात गेली की लोणा घरातच तयार होतो. शंका असेल तर मूठभर रेती स्वच्छ पाण्यात ढवळा, पाणी गाळून काळ्या ताटलीत उन्हात सुकवा. ताटलीत पांढरा थर राहिला तर ती रेती वापरू नका.

तपासणी अशी: साधारण 45 बाय 45 सेंमी जाड प्लास्टिकचा तुकडा कोब्यावर ठेवून चारी कडा रुंद चिकटपट्टीने हवाबंद करा. किमान 16 तास ठेवा, शक्यतो दोन दिवस. आधीच टाइल असेल तर तिच्यावर ठेवून काही कळणार नाही, पोकळ झालेली एक टाइल काढून खालच्या कोब्यावर ठेवा. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला थेंब दिसले किंवा कोबा काळपट झाला तर ओल खालून आहे. थेंब वरच्या बाजूला असतील तर ती खोलीतली दमट हवा, ती धरू नका. खोलीत तीन ठिकाणी तरी करा: न्हाणीघराच्या भिंतीजवळ, बाहेरच्या भिंतीजवळ आणि मधोमध. एप्रिलमध्ये कोरडा निघालेला कोबा जुलैत ओला निघू शकतो, म्हणून तळमजल्यावर ही तपासणी पावसात करणं सगळ्यात खरं.

न्हाणीघराजवळचाच तुकडा ओला निघाला आणि बाकीचे कोरडे, तर जमिनीला दोष देऊ नका, पाइप गळतो आहे. सगळे तुकडे सारखे दमट असतील तर कोबा सुकवून, त्यावर सिमेंट-पॉलिमरच्या ओलरोधक लेपाचे दोन हात द्यावे लागतात, दुसरा हात पहिल्याला आडवा. तुकड्याखाली पाणी जमलं असेल तर लेपाने भागणार नाही. ते काम व्यावसायिकाचं.

आणि चतुर्थीची घाई. गणपती येण्याआधी घर सजलं पाहिजे म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये कोबा घालून आठ-दहा दिवसांत टाइल्स बसवल्या जातात, तेही भर पावसात. नव्या कोब्याला 28 दिवस तरी द्यायला हवेत, पावसाळ्यात त्याहून जास्त. चतुर्थीला जुनी फरशी घासूनपुसून ठेवा आणि काम नोव्हेंबरनंतर काढा, हे आमचं ठाम मत आहे. गणपतीचा पाट जुन्या लादीवरही तितकाच शोभतो.

4. पातळी

दहा फुटी सरळ ॲल्युमिनियमची पट्टी, एक विजेरी आणि पाणसळ. पट्टी जमिनीवर ठेवून मागून विजेरीचा उजेड टाका. खालून उजेड येतो तिथे खळगा. मोठ्या टाइलसाठी 3 मीटरच्या पट्टीखाली 3 मिमीहून जास्त फट चालत नाही. एक फुटी जुनी लादी 8-10 मिमीचा चढउतार पोटात घेत असे. चार फुटी टाइल तसं करू शकत नाही, ती ओबडधोबड जमिनीवरच्या पाटासारखी डुगडुगते. पट्टी लांबीने, रुंदीने आणि दोन्ही कर्णांवर फिरवा. उंचवटे आणि खळगे वेगवेगळ्या रंगाच्या खडूने दाखवा.

आधी उंचवटे घासा, मग खळगे भरा. उलट केलंत तर एका उंचवट्यासाठी पूर्ण खोली भरावी लागते आणि शेवटी दरवाजे घासायला सुतार बोलवावा लागतो. घासायला ग्राइंडरला कप व्हील लावा. ही धूळ फुप्फुसाला घातक असते, साधा रुमाल बांधून भागत नाही, एन-95 मास्क घाला आणि खिडक्या उघड्या ठेवा. खळगे 3 ते 10 मिमी असतील तर प्रायमर मारून सेल्फ लेव्हलिंग कंपाउंड (ओतलं की आपोआप सपाट होणारा सिमेंटचा पातळ माल). त्याहून खोल असतील तर 1:4 सिमेंट-रेतीचा थर, खाली सिमेंटचा घोळ मारून. खळगा ॲडहेसिव्हने भरू नका. पिशवीवर दिलेल्या जाडीपेक्षा जाड थर सुकताना आकसतो आणि रात्री सरळ बसवलेली टाइल सकाळी एका कोपऱ्यात खाली गेलेली दिसते.

पातळी ठीक असूनही कोपरे अडत असतील तर दोन नव्या टाइल्स तोंडाला तोंड लावून उभ्या धरा. मध्ये किंवा टोकांना फट दिसेल. लांब टाइलला थोडा बाक असतोच. विटांच्या रचनेसारखा निम्मा सांधा घेतला की एका टाइलचा सगळ्यात उंच भाग दुसरीच्या सगळ्यात खालच्या टोकाशी येतो. सांधा एक तृतीयांशावर घ्या, किंवा सरळ रेषेत.

बसवताना सांध्यात लावायच्या प्लास्टिकच्या क्लिपा आणि पाचरींबद्दल एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. त्या शेजारच्या दोन टाइल्सच्या कडा एका पातळीत धरतात, जमीन सरळ करत नाहीत. खळग्यावरची टाइल पाचर ठोकून वर ओढली की वरून ती सुंदर दिसते, पण खालचा माल तिच्यासोबत वर येत नाही. तीच टाइल नंतर पोकळ वाजते.

5. एक टाइल काढून तिची पाठ वाचा

इथवर कारण सापडलं नाही तर एक पोकळ टाइल बळी द्यावी लागते. चारी बाजूंचं ग्राउट पूर्ण कापा, काचेचा सक्शन कप लावा, एका कोपऱ्यातून पातळ छिन्नी हळूहळू सरकवा. टाइल अखंड निघाली तर उत्तम. तुकडे झाले तरी प्रत्येक तुकडा उलटा ठेवून जपा.

पाठ स्वच्छ आहे आणि दातेरी थापीच्या रेघा जमिनीवर जशाच्या तशा उभ्या आहेत: माल पसरून ठेवल्यावर त्यावर साय धरली आणि मग टाइल ठेवली. दुपारी खिडक्या उघड्या असतात, समुद्राकडचा वारा आत येतो, तेव्हा पिशवीवर 20 मिनिटं लिहिलेलं असलं तरी दहाव्या मिनिटाला माल कोरडा पडतो. पसरलेल्या मालाला बोट लावा. बोटाला चिकटला नाही तर खरवडून टाका. वरून पाणी शिंपडून जिवंत करायला जाऊ नका.

रेघा नीट चिरडल्या आहेत, तरी पाठ स्वच्छ आहे: टाइलच्या पाठीवर बोट फिरवा. बोट पांढरं झालं तर भट्टीत टाइल रोलरला चिकटू नये म्हणून लावलेली पूड तशीच राहिली आहे. माल त्या पुडीला धरतो, टाइलला नाही. मोरबीहून येणाऱ्या बऱ्याच टाइल्सच्या पाठीवर ही पूड नक्षीच्या उंच रेषांवर ठळक दिसते. बसवण्याआधी प्रत्येक टाइल ओल्या स्पंजने पुसायची, बादलीतलं पाणी दर आठ-दहा टाइल्सनंतर बदलायचं. दोन मिनिटांचं काम आहे आणि सगळ्यात जास्त टाळलं जातं.

टाइलसोबत कोब्याची वरची रेती उचकटून आली: कोबा कच्चा आहे. खिळ्याने कोब्यावर जोर देऊन फुली ओढा. रेघ खोल गेली आणि पूड निघाली तर वरचा थर घासून टणक भागापर्यंत जावं लागेल. त्यावर प्रायमर पुरत नाही.

पाठीवर पाच गोळे आणि मध्ये मोकळी जागा: लाडू पद्धत. दुरुस्ती नाही, ती टाइल नव्याने बसवायची.

मसाल्याचा पूर्ण थर टाइलसकट जुन्या गुळगुळीत फरशीवरून सुटला: जुनं लाल सिमेंट किंवा मोझाईक न टोचता त्यावर काम केलं आहे. वर्षानुवर्षं मेण लावून चकाकवलेल्या लाल कोब्याला काहीच धरत नाही. मेण घासून काढा, टोचे मारून खडबडीत करा, धूळ पुसा, मग जुन्या फरशीवर चालणारं प्रायमर.

सामान आणि मोजमाप

200 चौरस फुटांच्या खोलीला 600 बाय 1200 च्या 26 टाइल्स लागतात. कापाकापीसाठी दहा टक्के धरून 29, म्हणजे दोनाच्या पेट्या असतील तर 15 पेट्या. सगळ्या पेट्यांवर बॅच आणि शेड एकच आहे का, हे टेंपोतून उतरवतानाच बघा. 9 मिमी जाडीची एक टाइल साधारण 15 किलोची असते, म्हणून दोन माणसं हवीतच.

ॲडहेसिव्हच्या पिशवीवर आयएस 15477 (टाइल ॲडहेसिव्हचं भारतीय मानक) आणि टाइप 3 किंवा त्यापुढचा प्रकार बघा. टाइप 1 साध्या सिरॅमिकसाठी आहे, मोठ्या व्हिट्रिफाइडला तो वापरू नका, दुकानदार कितीही म्हणाला तरी. नुसत्या सिमेंटच्या घोळावर तर नाहीच, कारण ही टाइल घोळातलं पाणी ओढून घेत नाही आणि घोळ तिला धरत नाही. 10-12 मिमी खाचांची दातेरी थापी, शिवाय टाइलच्या पाठीवर पातळ हात, असं धरलं तर चौरस मीटरला साधारण 6.5 किलो माल जातो. 200 चौरस फुटांना 20 किलोच्या सहा ते सात पिशव्या. पाणी पिशवीवर लिहिलंय तेवढंच, मापाने. कालवून पाच मिनिटं ठेवा आणि पुन्हा कालवा. 3 मिमी सांध्यासाठी ग्राउट 2 ते 3 किलो, क्लिपा 150 ते 180.

रेघा एकाच दिशेने, टाइलच्या आखूड बाजूला समांतर ओढा, म्हणजे हवा जवळच्या वाटेने बाहेर पडते. टाइल ठेवल्यावर रेघांच्या आडवी थोडी पुढेमागे सरकवून दाबा. नुसता रबरी हातोडा मारून रेघा चिरडत नाहीत. दुसरी किंवा तिसरी टाइल लगेच उचलून पाठ बघा: कोरड्या खोलीत 80 टक्के, न्हाणीघरात आणि बाहेर 95 टक्के पाठ भरलेली हवी, कोपऱ्यांसकट.

ओल्या जागेत मोठी टाइल घेऊच नका. न्हाणीघराला चारी बाजूंनी जाळीकडे ढाळ द्यावा लागतो, चार फुटी टाइल तो घेत नाही. बलकांवला चकचकीत टाइल पावसात घसरडी होते. तिथे खरखरीत, मॅटच.

इथे हात थांबवा

खाली दिलेल्यांपैकी काही दिसलं तर टाइलचं काम बंद करून योग्य माणूस बोलवा.

तडा स्लॅबमध्ये आहे, भिंतीवरही चढला आहे किंवा दर महिन्याला रुंदावतो आहे: स्ट्रक्चरल इंजिनीअर. टाइल काढल्यावर गंजलेली सळी दिसली तरी तोच, किनाऱ्यालगतच्या इमारतीत तर उशीर नको.

जुन्या घराचा माडीचा मजला लाकडी वाशांवर आहे: मोठी टाइल बसवण्याआधीच इंजिनीअरला विचारा. टाइल, ॲडहेसिव्ह आणि 50 मिमी मसाला मिळून चौरस मीटरला सव्वाशे किलोच्या वर वजन होतं, आणि लाकूड हलतं ते वेगळंच.

प्लास्टिकखाली पाणी साठतं, किंवा ओलीला सांडपाण्याचा वास आहे: प्लंबर आणि वॉटरप्रूफिंगवाला, टाइल मिस्त्री नाही.

फ्लॅटमध्ये जमिनीतून विजेच्या नळ्या गेल्या असतील आणि त्यांचा मार्ग माहीत नसेल: कापण्याआधी इलेक्ट्रिशियन.

एका खोलीतल्या एक तृतीयांशाहून जास्त टाइल्स पोकळ आहेत: एकेक काढण्यापेक्षा पूर्ण खोली उचलणं स्वस्त पडतं, आणि ते दोन माणसांच्या सुट्टीचं काम नव्हे. कोणाला बोलवाल त्याला फुल्यांच्या नकाशाचा फोटो, प्लास्टिकच्या तपासणीचे निकाल आणि काढलेली टाइल उलटी ठेवून दाखवा. जो ती पाठ न बघताच दर सांगेल त्याला काम देऊ नका.